कलागोधडी

कलागोधडी : अंथरण्या-पांघरण्यासाठी नव्हे, तर भिंतीवर टांगून पाहण्यासाठी केलेली थरांची व टाक्यांची कलाकृती, आर्ट क्विल्ट. वरचे चित्रकापड, मधला भराव (वॅडिंग) आणि मागचे अस्तर असे तिचे तीन थर असतात. घरच्या गोधडीत किंवा वाकळेत बहुधा वेगळा भराव नसतो. जुनी लुगडी एकावर एक पसरून धावदोरा घालतात. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने 1971 मध्ये जुन्या अमेरिकी गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर मांडल्या. ओहायोत 1979 पासून ‘क्विल्ट नॅशनल’ हे खास कलागोधड्यांचे प्रदर्शन भरू लागले.

विषय रोजच्या पाहण्यातून येतो. पावसाळ्याआधी गच्च्यांवर चढणारी निळी ताडपत्री, ठाण्याच्या तलावपाळीच्या पाण्यात हलणारे दिवे, मानखुर्द–वाशी पुलावरून ओहोटीला दिसणारा चिखल, यांपैकी काहीही चालते. पुढील विवेचनासाठी ठाणे खाडीतील तिवराची श्वसनमुळे हे उदाहरण घेतले आहे. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली ही मुळे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातील लाकडी वाटेवरून जवळून रेखाटता येतात. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून जावे, कारण भरतीला ती पाण्याखाली असतात. खाडीचा विषय म्हटला की हात फ्लेमिंगोकडे वळतो; पण गुलाबी पक्षी एकदा बसला की पाहणाऱ्याची नजर मुळांवर ठरत नाही.

छायाचित्र जसेच्या तसे कापडात उतरवणे ही सर्वांत सामान्य चूक. छायाचित्र मोबाइलवर काळे-पांढरे करून उजेड-अंधाराच्या चारच पायऱ्या ठेवाव्यात. त्यात रचना उभी राहत नसेल, तर रंग तिला वाचवत नाहीत. मग 5 × 7.5 सेंमी.ची सहा-सात छोटी रेखाटने करून एक निवडावे. ते 12 पट वाढवले की 60 × 90 सेंमी.चा गोधडीचा पट मिळतो, म्हणजे रेखाटनावरील 1 सेंमी.चा चौकोन बटर पेपरवर 12 सेंमी.चा होतो. प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यावा आणि उभ्या धाग्याची दिशा बाणाने दाखवावी. तुकडे इस्त्रीने चिकटवणारी जाळी (फ्यूजिंग वेब) वापरणार असल्यास आकार तिच्या मागच्या कागदावर उलटा गिरवावा लागतो. हे विसरले तर डावीकडे झुकलेले झाड उजवीकडे झुकते, आणि ते कापून झाल्यावरच लक्षात येते.

यानंतरचा निर्णय सगळ्यांत महत्त्वाचा : काय कापडाने सांगायचे आणि काय टाक्याने. आकाश, पाणी व चिखल यांची मोठी क्षेत्रे कापडाची. 5 मिमी.पेक्षा बारीक मूळ कापडात कापले, तर कडांचे धागे सुटून त्याची झिरमिळी होते. अशी मुळे दोऱ्याची दोन-तीनदा टीप मारून काढावीत, किंवा जाड सुती दोरा वर ठेवून बारीक टाक्यांनी टाचावा. चिखलही एकरंगी नसतो. छापील सुती साडीची उलटी बाजू वापरली की मूळ रंगाची फिकी छटा फुकट मिळते.

शिंप्याकडची कात्रणे घेताना एक धागा जाळून पाहावा. सुताची राख भुरभुरीत होते व जळक्या कागदाचा वास येतो. पॉलिएस्टरचा कडक मणी बनतो. कापड आधी धुऊन घ्यावे. लाल व गर्द निळ्या तुकड्यावर ओले पांढरे फडके ठेवून इस्त्री फिरवावी. फडके रंगले तर तो तुकडा वापरू नये. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो हा समज भरवशाचा नाही. नकली जरीचा काठ गरम इस्त्रीखाली आक्रसतो, म्हणून इस्त्री उलट बाजूने व मंद असावी. मलमलीतून खालचा गडद रंग दिसतो, त्यासाठी मागे इस्त्रीने चिकटणारे पातळ अस्तर (फ्यूजिंग) लावतात.

ठिगळे मागून पुढे या क्रमाने बसवतात : आधी आकाश, मग पाणी, शेवटी चिखल. वरचे कापड अंतिम मापापेक्षा उंची-रुंदीत 5 सेंमी. जास्त ठेवावे, कारण टाक्यांनी पट साधारण 3 ते 5 टक्के आकसतो. भराव व मांजरपाटाचे अस्तर त्याहूनही प्रत्येक बाजूला 5 सेंमी. मोठे घेऊन मध्यापासून बाहेर दर 10 सेंमी.वर सेफ्टी पिन लावावी. कडेकडून टाचत आत आल्यास मधोमध फुगा राहतो.

मोकळ्या हाताने टाके घालताना मशीनचे दात खाली करून रफूचा पाय लावतात. सुई 90/14 नंबरची. वळणावर हात झपकन फिरला तर मागच्या बाजूला पापण्यांसारखे फासे दिसतात. अशा वेळी दोऱ्याचा ताण बदलण्याआधी हात सावकाश करून पाहावा. दोष बहुतेक वेळा तिथेच असतो. टाक्यांची दाटी सगळीकडे सारखी हवी. मुळांचा भाग गच्च शिवून आकाश मोकळे सोडले, तर मोकळा भाग लाटांसारखा उठतो आणि इस्त्रीने तो बसत नाही. आकाशातही लांब, शांत ओळी मारून तोल सांभाळावा.

शिवण संपल्यावर पट ओलसर करून, चौकोनात ताणून व टाचण्या लावून सपाट वाळवतात. श्रावणात त्याला पंख्याखालीही दोन दिवस लागू शकतात. मग दोन्ही कर्ण मोजावेत. 60 × 90 सेंमी.ला प्रत्येकी सुमारे 108.2 सेंमी. आले की कोपरे काटकोनात आहेत. किनारीसाठी 6 सेंमी. रुंद पट्ट्या दुमडून लावतात. घेर 300 सेंमी.चा, त्यामुळे 110 सेंमी. पन्ह्यातल्या तीन पट्ट्या पुरतील असे वाटते. पण तिरके जोड आणि शेवटची गाठ धरता त्या तोकड्या पडतात, चार कापाव्यात. सरळ कडांना उरेब पट्टी नको, ती ताणली जाऊन कड लहरते. मागे वर 10 सेंमी.ची नळी शिवून त्यात दांडी घालतात.

खाडीकाठच्या दमट हवेत पट बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नये. खिडकीसमोरच्या उन्हात रंग विटतात. ठेवताना घडी न घालता, चित्राची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळावा व धुतलेल्या मलमलीत बांधावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल अडकते आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. सुतात मुरलेले हे ठिपके ब्लीचशिवाय सहसा जात नाहीत, आणि ब्लीचने बाकीचे रंगही जातात.