शिशाची गोळी : घरगुती ओतकाम आणि पुणे परिसर

शिसे वितळवून साच्यात ओतायचे आणि बंदुकीसाठी गोळी तयार करायची, ही पद्धत बंदुकीइतकीच जुनी आहे. कारखान्यात बनलेले काडतूस येण्यापूर्वी हे काम छावणीत, किल्ल्यावर, शिकाऱ्याच्या अंगणात होत असे. अमेरिकेत आणि इतर काही देशांत ते आजही छंद म्हणून चालते. भारतात परवान्याशिवाय ते करणे हा गुन्हा आहे. पुण्यात ही परंपरा आता घरांत उरलेली नाही. पण खडकीचा दारूगोळा कारखाना आणि बालेवाडीचे नेमबाजी केंद्र यांमुळे या विषयाचा पुढचा सगळा प्रवास याच शहरात पाहता येतो.

गोळीसाठी शिसेच का, याचे उत्तर धातूच्या गुणांत आहे. शिसे 327.5 अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे भाता नसलेल्या साध्या कोळशाच्या शेगडीवरही त्याचे पाणी होते. लोखंडाला 1,500 अंशांच्या पुढे जावे लागते. शिशाची घनता पाण्याच्या 11.34 पट आहे. त्यामुळे लहान आकारात भरपूर वजन मावते आणि हवेच्या विरोधाने गोळीचा वेग लवकर मरत नाही. शिवाय ते इतके मऊ असते की नळीच्या पोलादाला इजा करत नाही.

मराठ्यांच्या फौजेतील बरकंदाजांकडे, म्हणजे बंदूकधारी शिपायांकडे, तोड्याच्या (जळत्या वातीने बार उडवायच्या) बंदुका असत. या बंदुका वेगवेगळ्या कारागिरांनी हाताने घडवलेल्या. दोन नळ्यांचा व्यास तंतोतंत जुळेल याची खात्री नसे. म्हणून एकाच मापाच्या गोळ्या साऱ्या पथकाला वाटून भागत नसे आणि बंदुकीबरोबर तिचा साचाही सांभाळावा लागे. बंदुकीच्या दारूची गोष्ट वेगळी होती. ती कुटायला जाणता हात लागे आणि साठवायला सुरक्षित जागा लागे. दारूखाना वस्तीला लागून नसावा, असे मराठ्यांच्या राज्यकारभारावरील ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात बजावलेले आहे. शिशाला असली भीती नव्हती. ते लगडींच्या रूपात कोठारात पडून राही आणि लागेल तसे ओतले जाई. युरोपातून येणाऱ्या जहाजांच्या मालात शिसे हा नेहमीचा जिन्नस असे, आणि मराठी मुलखाला ते किनाऱ्यावरच्या इंग्रज व पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडून मिळे. राजस्थानातील जावरच्या खाणी प्राचीन असल्या तरी दख्खनला समुद्राची वाट अधिक सोयीची होती. तोफांचे गोळे हे मात्र कारखान्याचेच काम. पेशव्यांचा तोफखाना पानसे घराण्याकडे होता, आणि ओतूरजवळच्या आंबेगव्हाण येथे गोळे ओतण्याचा कारखाना होता. तोफेचा इतिहास लिहिताना हे सारे नोंदले गेले. मूठभर गोळ्या ओतणाऱ्या शिपायाचे काम इतके रोजचे होते की त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही, आणि इतिहासाच्या दृष्टीने हे मोठे नुकसान आहे.

हातसाचा अडकित्त्यासारखा असतो : दोन दांडे, त्यांच्या टोकांना दोन अर्धगोल पोकळ्या, आणि वर शिसे ओतायला छोटे भोक. साचे लोखंडाचे, पितळेचे किंवा शंखजिऱ्याच्या दगडाचे करत. शिसे जाड बुडाच्या भांड्यात वितळवतात. वर राखाडी मळी धरते; थोडे मेण टाकून ढवळले की मळी सुटी होते आणि ती पळीने काढून घेतात. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, रस फार तापला असेल तर तिचा पृष्ठभाग दाणेदार, फिका दिसतो. म्हणून पहिल्या काही गोळ्या साचा तापवण्यासाठीच ओतून परत भांड्यात टाकायच्या, ही जगभरची रीत आहे. शिसे थिजताना आकसते, त्यामुळे ओतण्याच्या भोकाशी थोडा जादा रस राहू द्यावा लागतो. नाहीतर गोळीच्या पोटात पोकळी राहते आणि ती सरळ जात नाही. शेवटी वरचा देठ कापून टाकतात. पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशाच्या आत सापडला तर त्याची क्षणात वाफ होते आणि भांड्यातला रस उसळून अंगावर येतो. ओतकाम करणारे ओल्या हत्यारांपासून इतके जपून राहतात ते यामुळेच.

गोळीचा सारा इतिहास तिचा आणि नळीचा मेळ कसा बसतो याचा इतिहास आहे. व्यासाऐवजी वजनाने माप सांगण्याची पद्धत हाताने ओतलेल्या गोळ्यांच्या काळातली : एका पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर ज्या नळीत त्यांतली एक नेमकी बसेल ती बारा बोअर. अशी गोळी सुमारे 38 ग्रॅमची आणि 18.5 मिलिमीटर व्यासाची भरते. प्रत्यक्षात ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या, बंदुकीत गोळी नळीपेक्षा बारीकच घालावी लागे. काळ्या दारूची काजळी नळीत साचते, आणि नेमक्या मापाची गोळी चार-सहा बारांनंतर आत उतरेनाशी होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांच्या मस्केटची (आतून गुळगुळीत नळीच्या लांब बंदुकीची) नळी सुमारे 19 मिलिमीटरची, तर गोळी साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास असे. एवढ्या फटीतून दारूचा वायू निसटे, गोळी नळीत आपटत बाहेर पडे आणि शंभर मीटरपुढे नेम हा नशिबाचा भाग ठरे. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीच्या लढाईत दोन्ही बाजूंच्या पायदळाची मदार अशाच बंदुकांवर होती.

नळीत आटे, म्हणजे आतून नागमोडी वळत जाणाऱ्या खाचा, पाडले की गोळी फिरत जाते आणि नेम सुधारतो, हे कधीचे माहीत होते. अडचण भरण्याची होती, कारण आट्यांत घट्ट बसणारी गोळी गजाने ठोकत उतरवावी लागे. फ्रेंच सैन्यातील क्लोद मिनिए यांनी 1849 मध्ये तोड काढली. त्यांची लांबट गोळी बुडाशी पोकळ होती. ती सैलपणे आत जाई. बार होताच बूड फुलून आट्यांत रुते. 1853 च्या एन्फिल्ड रायफलीने हेच तत्त्व घेतले. गोळी कागदी काडतुसात होती आणि ती सहज सरकावी म्हणून कागदाला वंगण लावलेले होते. 1857 मध्ये शिपायांच्या संतापाला ज्या चरबीने तोंड फोडले, ती चरबी काडतुसावर येण्यामागे मापाचा हा जुनाच प्रश्न होता.

नुसत्या शुद्ध शिशाने पुढे भागेना. कथील मिसळले की रस साच्यात नीट भरतो. अँटिमनी हा ठिसूळ धातू मिसळला की गोळी कडक होते. हेच तीन धातू छापखान्याच्या खिळ्यांतही असतात. छपाईसाठी अक्षरांच्या ओळी ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राच्या मिश्रधातूत साधारण 84 टक्के शिसे, 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील असे, आणि छापखाने बंद पडल्यावर पाश्चात्त्य देशांतील हौशी लोकांनी हा धातू गोळ्यांसाठी उचलला. पुण्यासारख्या छापखान्यांच्या शहरात वितळलेल्या शिशाची ओळख शस्त्रांपेक्षा अक्षरांमुळेच अधिक घरांत पोचली असणार.

1880 च्या दशकात धूरविरहित दारू आली आणि गोळीचा वेग इतका वाढला की उघडे शिसे नळीला चिकटून आटे भरू लागले. उपाय म्हणून शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच चढवण्यात आले. कवचाची गोळी घडवायला पत्रा दाबून ओढणारी यंत्रे हवीत. शेगडी आणि साचा पुरत नाही. घरगुती ओतकाम लष्करातून कायमचे गेले ते इथे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 मध्ये सुरू झाला, आणि बुडावर 'केएफ' ही अक्षरे असलेली त्याची काडतुसे दोन्ही महायुद्धांत वापरली गेली. 2021 पासून हा कारखाना पुण्यातच मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे.

उघड्या शिशाची गोळी आज उरली आहे ती मुख्यतः क्रीडा-नेमबाजीत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवणारे, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात सराव करणारे स्वप्नील कुसाळे ज्या प्रकारात उतरतात, त्यातील .22 गोळी कवचाशिवायची, वंगण लावलेली आणि सुमारे 2.6 ग्रॅमची असते. एअर रायफलचे छर्रे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतात. हे छर्रे ओतलेले नसून दाबून घडवलेले असतात, आणि ते 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर अशा मापांत मिळतात. आपल्या नळीला कोणते मानवते हे पाहण्यासाठी नेमबाज रायफल पकडीत बसवून निरनिराळे छर्रे तपासतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी केलेली ही धडपड अंधश्रद्धा नव्हे. पदकाचा फरक तेवढ्यावर पडतो.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. लॉर्ड लिटनच्या काळातील 1878 च्या कायद्याने भारतीयांना शस्त्रासाठी परवाना सक्तीचा केला. आजच्या 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे कलम 5 परवान्याशिवाय दारूगोळा बनवण्यास मनाई करते, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग व तो बनवण्याची यंत्रसामग्री हेही येते. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कोकणात शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत, पण बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे दारूगोळा बनवण्याचा परवाना नव्हे.

शिशाचा खरा धोका भाजण्यापेक्षा सावकाश आहे. रस वाजवीपेक्षा जास्त तापला की अदृश्य धूर निघतो. त्याहून फसवी असते ती मळीची बारीक भुकटी. ती हाताला, कपड्यांना, केसांना लागते आणि घरभर पसरते. मोठ्यांच्या पोटात शिरलेल्या शिशाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो, लहान मुलांत तो अनेक पटींनी जास्त असतो आणि घाव मेंदूच्या वाढीवर बसतो. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. रक्तात दर डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून संपर्क तोडावा, असे ती सांगते. आत गेलेले शिसे हाडांत साठते आणि दशकानुदशके तिथे राहते. नेमबाजी केंद्रांवर हा धोका कमी प्रमाणात पण रोजचा असतो. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये, छर्रा ओठांत धरू नये आणि लक्ष्यामागची जागा कोरड्या झाडूने झाडू नये, हे नियम नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवेत.