आलू, बटाटा आणि रताळे : नावांचा गुंता

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये उत्तर प्रदेशातून आलेला जो माल तिकडचे व्यापारी ‘आलू’ म्हणून पाठवतात, तोच इथे बटाटा म्हणून विकला जातो. जवळच्याच मसाला मार्केटमध्ये सुक्या मेव्याच्या गाळ्यांवर जर्दाळू आणि आलुबुखार मिळतात. या नावांमध्येही ‘आलू’ स्पष्ट ऐकू येतो; मात्र कंदाच्या नावातला आलू आणि फळांच्या नावांतला आलू यांची कुळे वेगवेगळी आहेत.

फळांचा आलू फारसी आहे. त्या भाषेत तो शब्द आत एकच कठीण आठळी असलेल्या, प्लमसारख्या फळासाठी वापरतात. ‘जर्द’ म्हणजे पिवळा; आपल्या ‘पिवळाजर्द’मध्ये हाच शब्द आहे. त्यामुळे जर्दाळू म्हणजे पिवळा आलू आणि आलुबुखार म्हणजे बुखारा या आज उझबेकिस्तानात असलेल्या शहराच्या नावाने ओळखला जाणारा आलू.

कंदाचा आलू संस्कृत ‘आलु’, ‘आलुक’ या शब्दांपासून आला. जमिनीखाली वाढणाऱ्या खाद्य कंदांना हे नाव होते आणि बटाटा भारतात पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून ते रूढ होते. नवा कंद आल्यावर हिंदी आणि बंगाली भाषकांनी हेच जुने नाव त्याला दिले. मराठीत ते दुसऱ्याच कंदाला चिकटून राहिले. संस्कृतातला दोन स्वरांमधला ‘ल’ मराठीत बहुधा ‘ळ’ होतो, जसे फल–फळ, काल–काळ. त्याच नियमाने ‘रक्तालु’चे ‘रताळे’ झाले. हिंदीतला ‘रतालू’ मात्र आपले कोनफळ आहे आणि आपल्या रताळ्याला तिकडे शकरकंद म्हणतात. इथे एक सावधगिरी बाळगावी लागते. जर्दाळूतही ‘ळ’ आहे, पण तो शब्द उसना आहे आणि त्याने मराठीत आल्यावर मराठी उच्चार घेतला. म्हणून केवळ ध्वनीवरून शब्दाची कुळी ठरवता येत नाही. अर्थ आणि शब्दाचा प्रवास दोन्ही तपासावे लागतात.

बटाट्याच्या नावाचा प्रवास तर आणखी विलक्षण आहे. ‘बटाटा’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा असून त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ रताळे असा होता. १४९२ नंतर स्पॅनिश लोकांनी तो उचलला. आपण ज्याला बटाटा म्हणतो तो कंद दूर अँडीज पर्वतातला. तिथल्या केचुआ भाषेत त्याचे नाव ‘पापा’. स्पेनमध्ये या दोन नावांची सरमिसळ होऊन ‘पटाटा’ रूढ झाले आणि इंग्रजी ‘पोटॅटो’ त्यावरूनच आला. लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषक देशांत बटाटा आजही ‘पापा’ आहे, आणि अर्जेंटिनात ‘बटाटा’ मागितला तर रताळे मिळते. पोर्तुगीज भाषेत मात्र ‘बटाटा’ म्हणजे आपलाच बटाटा. ठाणे-वसईचा पट्टा १७३७–३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, गोव्यात तर ते त्यानंतरही राहिले. त्यांच्याकडूनच हा शब्द अननस, पपईप्रमाणे मराठीत आला. गुजरातीत त्याचा ‘बटाका’ झाला. तेलुगूने ‘बंगाळादुंप’, म्हणजे बंगालचा कंद, असे नाव दिले, तर फारसीने ‘सीब-ए-जमिनी’, म्हणजे जमिनीचे सफरचंद.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बटाटा आणि रताळे एकमेकांचे जवळचे नातलग नाहीत. बटाटा वांगे, टोमॅटो आणि मिरचीच्या कुळातला असून तो जमिनीखालच्या खोडाचा फुगलेला भाग आहे. त्यावरचे डोळे म्हणजे खोडावरच्या कळ्या, म्हणून डोळा असलेली फोड लावली की नवे रोप येते. रताळे हे गारवेलीच्या कुळातल्या वेलीचे फुगलेले मूळ आहे. तरीही रताळ्याच्या ‘इपोमिया बटाटास’ या शास्त्रीय नावात ताइनो शब्द आपल्या मूळ अर्थाने टिकून आहे, तर बटाटा शास्त्रात ‘सोलॅनम ट्युबरोसम’ म्हणून ओळखला जातो.

हा गुंता केवळ कोशकारांपुरता नाही, पिकांचा इतिहास लिहिणाऱ्यांनाही तो अडवतो. जहांगीर बादशहाच्या दरबारी आलेल्या सर थॉमस रो या इंग्रज राजदूताचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने सतराव्या शतकात मोगल सरदार आसफखानाच्या मेजवानीचे वर्णन करताना ‘पोटॅटो’चा उल्लेख केला आहे, आणि तो भारतात बटाटा आल्याचा आरंभीचा पुरावा म्हणून अनेकदा पुढे केला जातो. परंतु त्या काळच्या इंग्रजीत तो शब्द रताळ्यालाही लावत असत. त्यामुळे ताटात नेमका कोणता कंद होता हे त्या एका शब्दावरून ठरवता येत नाही. त्यासाठी कंदाचे, पानाफुलांचे किंवा लागवडीचे वर्णन असलेली दुसरी नोंद हवी.