कॅनडाचा स्पॅमविरोधी कायदा : ईमेल वार्तापत्रासाठी संमती आणि तिच्या नोंदी

कॅनडातील वाचकांना व्यावसायिक स्वरूपाचे वार्तापत्र ईमेलने पाठवणाऱ्या प्रत्येकाला, मग ती मोठी कंपनी असो वा एकटा व्यावसायिक, १ जुलै २०१४ पासून तेथील स्पॅमविरोधी कायदा पाळावा लागतो. पाठवणारा परदेशात बसला असला तरी त्याची यातून सुटका नाही.

संमती दोन प्रकारची असते. ग्राहकाने खरेदी केली असल्यास २ वर्षे आणि नुसती चौकशी केली असल्यास ६ महिने ती गृहीत धरता येते. स्पष्टपणे दिलेली संमती मात्र वाचक ती मागे घेईपर्यंत टिकते. स्पष्ट संमतीच्या अर्जात ती कशासाठी हवी आहे, कोण मागत आहे, त्याचा टपालाचा पत्ता, त्याशिवाय दूरध्वनी, ईमेल किंवा संकेतस्थळ यांपैकी एक, आणि संमती केव्हाही मागे घेता येते, एवढा मजकूर असावा लागतो. आधीच खूण केलेली चौकट चालत नाही. खूण वाचकानेच करायची असते.

नोंदणीनंतर ईमेलवर दुवा पाठवून खातरजमा करणे कायद्याने सक्तीचे नाही, आणि पुष्कळांची गल्लत येथेच होते. संमती होती हे सिद्ध करण्याचा भार पाठवणाऱ्यावर असतो, आणि अर्जात कोणीही दुसऱ्याचाच पत्ता भरू शकतो. त्यामुळे त्या दुव्यावरील क्लिक हा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. खातरजमेच्या ईमेलमध्ये जाहिरात घुसडू नये, हे उत्तम. जुन्या यादीतील लोकांना ‘आपली संमती आहे का?’ असे ईमेलने विचारणेही कायद्याच्या दृष्टीने व्यावसायिक संदेशच असते, त्यामुळे आधीची कोणतीच संमती नसेल तर तो मार्ग बंद आहे.

संमतीची तारीख, वेळ, हेतू आणि पद्धत यांची नोंद ठेवावी, तसेच त्या वेळी अर्जावर असलेला मजकूरही जपून ठेवावा. अर्ज पुढे बदलला की जुना मजकूर शोधणे जिकिरीचे होते.

प्रत्येक अंकात नाव काढून टाकण्याची विनाशुल्क सोय हवी. ती अंक पाठवल्यापासून किमान ६० दिवस चालू राहावी आणि विनंतीवर कामकाजाच्या १० दिवसांच्या आत अंमल व्हावा. उल्लंघनासाठी व्यक्तीला १० लाख, तर संस्थेला १ कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणूनच नाव काढून घेतलेल्यांची वेगळी यादी ठेवावी, म्हणजे जुनी फाइल पुन्हा चढवताना तेच पत्ते नकळत परत येणार नाहीत.