टांग्याची उलटी चाकं आणि खेकड्यातला तारा

स्वारगेटच्या चौकात भर दुपारी एखाद्या बसच्या एलईडी पाटीचा मोबाइलवर फोटो काढून बघा. डोळ्यांना ‘कात्रज’ स्वच्छ वाचता येत असतं, फोटोत मात्र अक्षरांतले आडवे पट्टेच्या पट्टे गायब. पाटी बिघडलेली नसते. तिच्यातले सगळे दिवे एका वेळी लागतच नाहीत. आधी काही ओळी पेटतात, त्या विझल्या की पुढच्या, आणि हे चक्र इतकं झपाट्याने चालतं की आपल्याला अख्खी पाटी सलग उजळलेली वाटते. कडक उन्हात मोबाइल सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाइतकाच, कधी त्याहूनही कमी वेळ उजेड आत घेतो. तेवढ्यात ज्या ओळी पेटल्या, त्याच फोटोत आल्या. रात्री हाच फोटो काढा. अंधारात कॅमेऱ्याला जास्त वेळ उजेड गोळा करावा लागतो, त्यामुळे पूर्ण ‘कात्रज’ उमटतं.

रोजच्या बघण्यातल्या अशा गमतींचं मला फार अप्रूप आहे, कारण त्यांच्या तळाशी एकच गोष्ट असते. कॅमेरा सलग बघत नाही. तो ठरावीक वेळाने डोळा उघडतो, मधे काय झालं ते त्याला ठाऊक नसतं.

जुन्या सिनेमातला भरधाव टांगा आठवा. घोडा पुढे पळतोय आणि चाकं उलटी फिरताहेत! लहानपणी हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं आणि कुणाला तरी विचारलेलंही असतं. याचं गणित बोटांवर मोजण्याइतकं सोपं आहे. बोलपट सेकंदाला २४ फ्रेम टिपतो. चाकाला १२ आरे आहेत आणि ते सेकंदाला बरोबर दोन फेरे घेतंय असं धरा. म्हणजे एका जागेवरून सेकंदाला २४ आरे जातात. प्रत्येक फ्रेममध्ये आधीच्या आऱ्याच्या जागी नेमका पुढचा आरा येऊन बसतो. आरे सगळे सारखेच, त्यामुळे चाक जागच्या जागी थांबल्यासारखं दिसतं. चाक एक मीटर व्यासाचं असेल तर हा वेग ताशी साडेबावीस किलोमीटरच्या आसपास येतो. घोडा जरा दौडवला की टांगा तेवढा पळतो. आता वेग किंचित कमी करा. पुढचा आरा त्या जागेपर्यंत पोचायला थोडा कमी पडतो. मेंदू दोन फ्रेममधले एकमेकांच्या जवळात जवळचे आरे जोडतो, आणि ते किंचित मागे सरकलेले असल्यामुळे चाक उलटं फिरतंय असा निकाल देतो. एकच आरा लाल रंगवला तर बिंग फुटतं: तो लाल आरा सरळ पुढेच फिरताना दिसतो.

टांगा नसला तरी घरात पंखा आहे. दिवसा खिडकीतून भरपूर उजेड येत असताना, घरातले दिवे बंद ठेवून त्याचा व्हिडिओ घ्या. बहुतेक मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेतात. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेऱ्यांवर आला की दोन फ्रेमच्या मधे पातं ६० अंश सरकतं, म्हणजे दोन पात्यांच्या बरोबर मध्यावर येतं. पडद्यावर सहा पुसट पात्यांचा, जवळजवळ थांबलेला पंखा दिसतो. वेग २९० फेऱ्यांवर उतरला, की तोच सहा पात्यांचा पंखा सहा सेकंदांत एक फेरा अशा संथ गतीने उलटा फिरू लागतो. रेग्युलेटर एकेक घर खाली आणत हे जरूर करून बघा. मुलांना तर दाखवाच.

व्हिडिओ मधेच थांबवला तर आणखी एक नवल दिसतं. सरळ पाती कोयत्यासारखी वाकलेली असतात. मोबाइलचा सेन्सर चित्र एका झटक्यात वाचत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर पातं पुढे गेलेलं असतं. लोहगावहून पंख्याच्या विमानाने जाताना खिडकीतून काढलेल्या व्हिडिओत पाती तुटून हवेत तरंगल्यासारखी दिसतात, ती याचमुळे. आणि हे वाकणं मोबाइलच्या फार आधीचं आहे. पीटर मार्क रॉजे या लंडनच्या डॉक्टरने उभ्या फटींमधून जाणाऱ्या गाडीचं चाक पाहिलं आणि त्याला सरळ आरे वाकडे दिसले. आसाच्या वरचा आणि खालचा उभा आरा तेवढा सरळ. त्या वक्ररेषांचं गणित त्याने १८२४ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलं. पुढे हाच माणूस इंग्रजी समानार्थी शब्दकोशामुळे घरोघरी पोचला.

कॅमेरा नसतानाही हा खेळ होतो, फक्त उजेडाने लुकलुकायला हवं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद होते. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये तीन जॉचा चक (म्हणजे कामाचा तुकडा धरणारी तीन जबड्यांची पकड) लावलेलं लेथ मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर एका जागेवरून सेकंदाला बरोबर १०० जॉ जातात. फक्त अशा ट्यूबच्या उजेडात तो फिरता चक थांबलेला भासू शकतो, आणि कुणी हात घातला तर बोटं जातात. म्हणून शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडायची पद्धत आहे. एक मंद होते तेव्हा दुसरी उजळलेली असते.

ग्रामोफोनवाल्यांनी मात्र याच लुकलुकण्याला कामाला लावलं. तबकडीवर ठेवायची एक गोल चकती मिळते, तिच्यावर १८० काळ्या रेघा असतात. ट्यूबखाली रेघा स्थिर दिसल्या तर एलपी मिनिटाला बरोबर ३३⅓ फेरे घेतेय. रेघा मागे सरकल्या तर ती मंद आहे. अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डसाठी ७७ रेघा लागतात. घड्याळ नको, काही नको, नुसत्या रेघा बघायच्या!

हीच युक्ती थेट आकाशापर्यंत जाते. १०५४ साली चिनी ज्योतिषांनी वृषभ राशीत एक नवा तारा नोंदवला. त्या स्फोटाचे अवशेष म्हणजे आजचा क्रॅब तेजोमेघ, आपला खेकडा. त्याच्या मधोमध असलेला तारा खगोलशास्त्रज्ञांनी कित्येक दशकं फोटोंत पाहिला होता, पण तो लुकलुकतो हे कुणाला कळलं नाही. लांबलचक एक्स्पोजरमध्ये सगळ्या लुकलुकी एकमेकींत मिसळून जायच्या. १९६८ मध्ये रेडिओ दुर्बिणींना तिथे पल्सार सापडला: सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा. त्याचा झोत दीपगृहासारखा फिरतो, म्हणून तो लुकलुकताना दिसतो. तेही जवळजवळ आपल्या मोबाइलच्या फ्रेमच्याच तालावर. १९६९ च्या सुरुवातीला त्याचा दृश्य प्रकाशही लुकलुकतो हे मोजलं गेलं. लगेच कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेत टेलिव्हिजन कॅमेऱ्यापुढे फटी पाडलेली एक फिरती चकती बसवली आणि तिचा वेग ताऱ्याच्या तालाहून जरासा वेगळा ठेवला. टांग्याच्या चाकासारखीच त्या ताऱ्याची गती पडद्यावर संथ झाली. शेजारचे तारे स्थिर, आणि हा एकटा हळूहळू उजळत आणि मावळत होता.

पुण्याहून ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पल्सारांचे वेध घेते. बहुतेक पल्सारांचा एकेक ठोका इतका क्षीण असतो की तो गोंगाटात बुडून जातो. मग पल्सारच्या फेऱ्याएवढे संदेशाचे तुकडे करतात आणि हजारो तुकडे एकावर एक रचतात. फेऱ्याचा काळ अचूक धरला असेल तर सगळे ठोके एकाच जागी येतात आणि गोंगाटातून वर उठतात. काळ जरा चुकला तर प्रत्येक तुकड्यात ठोका थोडा सरकत जातो, आणि तो किती सरकला यावरूनच खरा काळ दुरुस्त करून घेतात.