ऑइल गरम झालं म्हणजे इंजिन गरम झालं असं नाही

उणे 20 डिग्रीत रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या छोट्या विमानाची डिपस्टिक बाहेर काढली आणि आत साधं एसएई 50 ग्रेडचं ऑइल असेल, तर ते खाली ठिबकतच नाही, पट्टीला मलमासारखं चिकटून बसतं. हेच ऑइल 100 डिग्रीला साधारण 20 सेंटीस्टोक (दाटपणा मोजायचं एकक) दाट असतं, 40 डिग्रीला 200 च्या वर जातं, म्हणजे नुसत्या 60 डिग्रीत दहापट, आणि शून्याच्या खाली तर मिनरल ऑइलमधलं मेणच थिजायला लागतं. मग पंपाला ते ओढता येत नाही, ओढलं तरी बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ धातूवर धातू घासत राहतो.

1920-30 च्या काळात अलास्का आणि उत्तर कॅनडातले पायलट संध्याकाळी उतरले की इंजिन गरम असतानाच सगळं ऑइल डब्यात काढून घ्यायचे, तो डबा रात्रभर उबेला ठेवायचे, सकाळी इंजिनावर कॅनव्हास टाकून खाली स्टोव्ह पेटवायचे आणि मगच तापवलेलं ऑइल परत ओतायचे. यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ते ऑइल तापवायचे आणि इंजिनही तापवायचे, दोन्ही.

आता 15डब्ल्यू-50 सारखी मल्टीग्रेड ऑइल मिळतात, त्यातले पॉलिमर थंडीत आखडून राहतात आणि गरम झाले की पसरतात, म्हणून ऑइल थंडीत फार घट्ट होत नाही आणि उकाड्यात फार पातळही होत नाही. त्यामुळे खूप जणांना वाटतं की सम्पखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागाखाली, हीटिंग पॅड लावला, ऑइल कोमट झालं, काम झालं. पण क्रॅंककेस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, ॲल्युमिनियमचा आणि त्याच्या आत बेअरिंगमध्ये फिरणारा मुख्य दांडा, क्रॅंकशाफ्ट, स्टीलचा असतो, आणि थंडीत ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. 60 मिमी व्यासाची जागा धरा, तापमान 80 वरून उणे 20 वर आलं तर कागदावरच्या हिशोबाने दोघांच्या आकसण्यात 0.066 मिमीचा फरक पडतो, आणि बेअरिंगमधली फट मुळात मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची! म्हणजे ऑइल कितीही पातळ असलं तरी त्याला शिरायला जागाच कमी. म्हणून गरम हवा पूर्ण इंजिनाला, निवांत वेळ देऊन, वरून ब्लॅंकेट घालून द्यायची. इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांपैकी लायकॉमिंग बहुतेक इंजिनांना उणे 12 च्या खाली प्रीहीट, म्हणजे स्टार्ट करण्याआधी गरम, करायला सांगते, कॉन्टिनेन्टल तर उणे 7 लाच.

स्टार्ट झाल्यावर नजर ऑइल प्रेशरवर, 30 सेकंदांत काटा हलला नाही तर सरळ बंद करा.

आणि एक सवय मला अजिबात पटत नाही, उडायचं नसताना आठवड्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन नुसतं जमिनीवर चालवून ठेवायची. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, बरंचसं एक्झॉस्टमधून जातं पण थोडी वाफ पिस्टन रिंगच्या बाजूने क्रॅंककेसमध्ये उतरते. ऑइल 80-85 डिग्रीपर्यंत तापून तिथे काही काळ राहिलं तरच ती निघून जाते, जमिनीवर तेवढं तापतच नाही, मग पाणी आणि ॲसिड आतच राहतं आणि कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, गंजतो. उडणार नसाल तर इंजिन चालवूच नका.

याच वाफेचा दुसरा धोका उडताना असतो. ती ब्रीदर पाइपमधून, म्हणजे क्रॅंककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, बाहेर पडते, पाइपचं टोक काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) बाहेर गार वाऱ्यात असतं, तिथे थेंब गोठतो, त्यावर दुसरा, असं करत बर्फाचा बूच तयार होतो. क्रॅंककेसमधलं प्रेशर वाढतं आणि ते प्रॉपेलरमागचं ऑइल सील बाहेर ढकलतं, मग ऑइल बाहेर पडायला लागतं. यावर उपाय अगदी साधा आहे, टोकाच्या बराच वर, काउलिंगच्या आतल्या उबदार भागात पाइपला एक छोटी खाच ठेवलेली असते, टोक बंद झालं तरी इंजिन तिथून श्वास घेतं. पाइपवर इन्सुलेशन गुंडाळताना ही खाच झाकली जाऊ शकते, तेव्हा काउलिंग उघडलीच आहे तर टॉर्च मारून ती दिसतेय ना, एवढं बघून घ्या.