हवेपेक्षा विरळ, तरी एकमेकांवर आपटणारे ढग

परवा पार्ल्यात एका हॉलबाहेर क्वांटम हीलिंगचं पोस्टर दिसलं, सगळे अणू एकमेकांशी जोडलेले असतात म्हणून लांब बसून आजार बरा करतो असा दावा. आजारी माणसाला हे विकणं वाईट आहे, आणि वायूतल्या अणूंमधले खरे क्वांटम संबंध इतके नाजूक असतात की ते पाहण्यासाठी लॅबमध्ये वायू निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड करावा लागतो.

2011 मध्ये अमेरिकेत एमआयटीत मार्टिन झ्वियरलाइन यांच्या ग्रुपने लिथियम-6 चे दोन ढग घेतले, एकात सगळे अणू स्पिन अप, दुसऱ्यात डाउन (स्पिन म्हणजे अणूचा छोट्या चुंबकासारखा गुण, त्याच्या दोन उलट्या अवस्था), आणि ते एकमेकांवर सोडले. वायू हवेपेक्षा लाखो पट विरळ, म्हणजे आरपार जायला हवेत ना? तर ते आपटून मागे फिरले, परत आले, परत आपटले!

लिथियम-6 फर्मिऑन आहे, म्हणजे एका अवस्थेत एकच मावतो अशा कणांपैकी, त्यामुळे सारख्या स्पिनचे अणू एकमेकांना टाळतात (अकरावीच्या केमिस्ट्रीतला पाउली आठवा). उलट्या स्पिनचे मात्र साधारण 832 गॉसच्या चुंबकीय क्षेत्रात एकमेकांवर जमेल तेवढा जोर लावतात, याला फेशबाख रेझोनन्स म्हणतात.

इथे सरासरीचं गणित फसतं. दादरच्या पुलावर चौरस मीटरला किती माणसं हे कळलं तरी कोण कोणाचा हात धरून चाललंय ते कळत नाही, आणि वाट अडते ती त्या हात धरलेल्यांमुळे. अणूंचंही तसंच, एका अपच्या अगदी जवळ, तेवढ्याच छोट्या जागेत, डाउन सापडण्याची शक्यता अंतर निम्मं केलं की चौपट होते. यालाच कोरिलेशन म्हणायचं, आणि भौतिकशास्त्रज्ञ शिना टान यांनी 2008 मध्ये दाखवलं की अशा जवळच्या जोड्या किती आहेत या एका संख्येवरून वायूची ऊर्जा, दाब असं बरंच काही निघतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. आपटत आपटत ढग शेवटी मिसळतात, आणि त्या मिसळण्याचा दर (डिफ्युजन, सेकंदाला किती क्षेत्रफळ या मापात) म्हणजे अणूचा वेग गुणिले दोन टकरींमधलं अंतर. या वायूत प्रत्येक शेजाऱ्याशी टक्कर होते, म्हणजे ते अंतर शेजाऱ्यापर्यंतचंच. आणि क्वांटम नियमाने अणूचा वेग म्हणजे एच-बार (प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय) भागिले (वस्तुमान गुणिले तेच अंतर). गुणाकार केला की अंतर कटतं! उरतं फक्त एच-बार भागिले वस्तुमान, लिथियमसाठी सेकंदाला सुमारे 0.01 चौरस मिलिमीटर. घनता नाही, चुंबक नाही, काहीच नाही. प्रत्यक्ष मोजलेला आकडा याच्या सुमारे सहा पट आला, कारण ट्रॅपमध्ये (अणू धरून ठेवणाऱ्या सापळ्यात) ढग मधे दाट आणि कडेला विरळ असतो आणि कडेचे अणू भराभर सरकतात.