‘आता सगळं कळलं’ : समाधीचे आलेख आणि मेंदूची खात्री

मनात येईल तेव्हा हृदयाचे ठोके थांबवणारे योगी हिंदुस्थानात आहेत, ही कीर्ती ऐकून तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ १९३५ साली ईसीजीचं यंत्र घेऊन इथे आल्या. त्यांना मिळालेल्या एका आलेखात हृदयाचे विद्युतसंकेत जवळजवळ सपाट झालेले दिसले. मग काय, ‘योगी हृदय थांबवतो हे यंत्राने सिद्ध झालंय’ हे वाक्य पुढची वीस वर्षं फिरत राहिलं. १९५७ मध्ये अमेरिकेहून मॅरियन वेंगर आणि बी. के. बागची अधिक चांगली यंत्रं घेऊन आले, देशभर हिंडले आणि दिल्लीच्या एम्समधले डॉ. बी. के. आनंद यांच्यासह त्यांनी असा दावा करणाऱ्या चौघांना तपासलं.

तिघांची तऱ्हा एकच होती. श्वास घ्यायचा, घसा आवळून तो कोंडायचा आणि छाती-पोटाचे स्नायू कचकून ताणायचे. असं केलं की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे रक्त आणणाऱ्या शिरा दबतात. आत रक्तच कमी आल्यावर बाहेर तरी किती पडणार? मनगटावरची नाडी बोटांना लागेनाशी होते. स्टेथोस्कोप लावावा तर ताणलेल्या स्नायूंच्या घरघरीत ठोके बुडून जातात. ईसीजीवर मात्र ते बिनबोभाट चालूच होते. चौथ्याने वेगळ्या तऱ्हेने ठोक्यांची गती बरीच मंद करून दाखवली. थांबवलं कोणीच नाही.

हे योगी खोटं बोलत होते का? मला तसं वाटत नाही. नाडी लागत नाही, हे त्यांच्या शिष्यांनी स्वतःच्या बोटांनी पाहिलेलं होतं. घसरगुंडी झाली ती पुढच्या पायरीवर, म्हणजे त्याचा अर्थ लावताना. समाधी, तुर्या, साक्षात्कार अशा नावांनी ज्या अवस्था ओळखल्या जातात, त्यांच्याकडे देव आणि आत्मा बाजूला ठेवून बघायचं तर हे टप्पे सुटे करावे लागतात. माणसाला काही अनुभव आला, त्या वेळी शरीरात काही घडलं आणि मग कोणीतरी त्याचा अर्थ सांगितला. पहिल्या दोन गोष्टींबद्दल वाद घालण्यात फारसा दम नाही. भांडण तिसरीवर आहे.

ही तपासणी करायला परदेशीच लोक यावे लागले, असं मात्र नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं ते योगक्रियांना प्रयोगशाळेत आणण्यासाठीच. नौली आणि उड्डियान या पोटाच्या योगक्रिया करताना आतड्यातला दाब किती बदलतो, याची मोजमापं त्यांनी तेव्हाच घेतली होती. जमिनीखाली स्वतःला पुरून घेणाऱ्या ‘भूमिगत समाधी’चा गवगवा असायचा, म्हणून पुढे १९६०च्या दशकात तिथे हवाबंद खड्डा बांधून आत माणसं बसवून वायूंची मोजणीही झाली. बंद जागेत ऑक्सिजन संपण्याच्या खूप आधी कार्बन डायऑक्साइड असह्य होतो, त्यामुळे प्रश्न इतकाच उरतो की माणूस किती स्वस्थ बसू शकतो आणि तो वायू किती सोसू शकतो. दोन्ही गोष्टी सरावाने जमतात.

मेंदूचं प्रकरण याहून अवघड. आनंद यांनी छिना आणि बलदेव सिंग या सहकाऱ्यांसह १९६१ साली योग्यांचे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचे आलेख, प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ बसलं की मेंदूच्या आलेखात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी उमटतात आणि कुठे खट्ट झालं की त्या तुटतात. या योग्यांवर झगझगीत प्रकाश सोडला, मोठा आवाज केला, तापवलेली काचेची नळी अंगाला लावली, कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क टेकवला. एरवी अशाने अल्फा तुटत होत्या. ध्यान लागलेलं असताना तुटल्या नाहीत. आणखी दोघांनी ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात बुडवून ठेवला, तरी त्यांच्या अल्फा लहरी शांतपणे चालू होत्या. फ्रीजमधल्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून मिनिटभर थांबून बघा, म्हणजे हे काय आहे ते कळेल.

पाचच वर्षांनी जपानमधल्या कासामात्सू आणि हिराई यांनी झेन भिक्षूंवर असाच प्रयोग केला. कानाशी ठरावीक अंतराने टकटक असा आवाज करत राहिले. साध्या माणसाचा मेंदू तीन-चार वेळांनंतर त्या आवाजाला सरावतो, दखल घेणं सोडतो. मुरलेल्या झेन भिक्षूंच्या अल्फा लहरी मात्र दर टकटकीला, जणू ती पहिलीच असावी, तशा काही सेकंद तुटत राहिल्या. किती छान जुळलं! योगी जगाकडे पाठ फिरवतो, झेन साधक प्रत्येक क्षणाला नव्याने सामोरा जातो, आणि दोघांचं तत्त्वज्ञान आलेखावर उतरलेलं. ध्यानावरच्या व्याख्यानांमध्ये ही जोडगोळी अजूनही हमखास भेटते. १९८१ साली बेकर आणि शपिरो यांनी झेन, योग आणि भावातीत ध्यान करणाऱ्या अनुभवी साधकांना व ध्यान न करणाऱ्यांना एकाच पद्धतीने टकटक ऐकवली, तेव्हा या गटांमध्ये असा काही फरक दिसला नाही. तो निबंध कोणी व्याख्यानात सांगत नाही. गोष्ट जितकी देखणी, तितकी ती तपासून घेतलेली बरी.

नंतर मेंदूच्या आतलं चित्र घेणारी यंत्रं आली, आणि प्रश्न लहरींवरून ‘मी’कडे वळला. समाधीची वर्णनं करणारे जवळपास सगळेच एक गोष्ट सांगतात : मी आणि जग यांतली हद्द पुसली गेली. ही हद्द मेंदू आखतो कशी? आपलं शरीर कुठे संपतं आणि बाहेरची जागा कुठे सुरू होते, याचा हिशेब ठेवण्यात डोक्याच्या मागच्या-वरच्या बाजूचा, पॅरायटल लोब नावाचा भाग गुंतलेला असतो. अँड्र्यू न्यूबर्ग यांनी २००१ साली आठ तिबेटी पद्धतीच्या ध्यानसाधकांच्या मेंदूतला रक्तपुरवठा पाहिला. ध्यान करताना पुढच्या भागात तो जितका वाढला, तितका पॅरायटल भागात कमी होताना दिसला. आठ माणसं म्हणजे फार नव्हेत, हे खरं. पण याच परिसराबद्दल एक वेगळा, चक्रावून टाकणारा पुरावा स्वित्झर्लंडमधून आला. एपिलेप्सीच्या एका रुग्ण महिलेच्या मेंदूवर शस्त्रक्रियेपूर्वी इलेक्ट्रोड बसवले होते. ओलाफ ब्लांक आणि सहकाऱ्यांनी उजव्या बाजूच्या अँग्युलर गायरस या जागी हलका विद्युतप्रवाह दिला, तेव्हा आधी तिला आपण गादीत रुतत चाललो आहोत असं वाटलं. प्रवाह वाढवल्यावर ती म्हणाली, मी वरून स्वतःला पलंगावर पडलेली बघते आहे. हे २००२ साली प्रसिद्ध झालं. शरीराबाहेर पडण्याचा अनुभव बटण दाबल्यासारखा सुरू आणि बंद झाला होता.

यापेक्षाही कळीची गोष्ट म्हणजे खात्री. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०२ साली गूढानुभवाच्या चार खुणा सांगितल्या. तो शब्दांत सांगता येत नाही, टिकत नाही, आपण घडवला असं न वाटता आपल्यावर ओढवल्यासारखा वाटतो, आणि त्यात काहीतरी परम सत्य कळल्याची जाणीव असते. या चौथ्या खुणेला जेम्स स्वतःच एकदा सापडला होता. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे भूल म्हणून वापरायचा तो वायू, हुंगून त्याने सगळे तात्त्विक विरोध एकमेकांत विरघळताना पाहिले आणि घाईघाईने पानं भरली. शुद्धीवर आल्यावर वाचलं तर ती निव्वळ बडबड होती. त्याच्या आधी बोस्टनचे डॉक्टर ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी तर कमाल केली होती. ईथरच्या अंमलाखाली त्यांना विश्वाचं रहस्य उलगडलं. विसरून जाऊ नये म्हणून धडपडत कागद गाठला आणि ते महासत्य लिहून काढलं. नंतर कागद पाहिला, तर त्यावर लिहिलं होतं : ‘सर्वत्र टर्पेंटाइनचा उग्र वास भरून राहिला आहे.’ होम्सनी हे १८७० साली एका व्याख्यानात सांगितलं, हा त्यांचा मोठेपणा.

म्हणजे ‘कळलं’ ही भावना आणि काही कळणं, या दोन गोष्टी एकमेकींशिवाय राहू शकतात. याचा मेंदूतला पत्ताही हळूहळू लागतो आहे. काही रुग्णांना एपिलेप्सीच्या झटक्याच्या सुरुवातीला विलक्षण आनंद आणि संशयाला जागाच न ठेवणारी स्पष्टता अनुभवाला येते. जिनिव्हाच्या फाबिएन पिकार अशा रुग्णांचा अभ्यास करतात. २०१३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इन्सुला या खोलवरच्या भागाच्या पुढच्या टोकाला विद्युतप्रवाह देऊन एका रुग्णात तोच परमानंद उत्पन्न केला. शरीराबद्दलचा मेंदूचा अंदाज आणि प्रत्यक्ष येणारे संकेत यांची तफावत इन्सुलात नोंदली जाते. ही तफावतीची घंटा काही काळ वाजेनाशी झाली तर सगळं जसं असावं तसंच आहे असं वाटत असणार, असा पिकार यांचा कयास आहे. मला तो पटण्यासारखा वाटतो, पण अजून तो कयासच आहे.

इथे आमच्या विवेकवादी मित्रांना टाळ्या पिटायची घाई होते. ‘मेंदूतला केमिकल लोचा, दुसरं काय!’ हा युक्तिवाद लंगडा आहे. तुम्ही हापूस आंबा बघता तेव्हाही मेंदूत ठरावीक जागी हालचाल होते, आणि इलेक्ट्रोडने नसलेल्या वस्तूही दिसू शकतात. तेवढ्यावरून झाडावरचा आंबा खोटा ठरत नाही. मेंदूतली हालचाल अनुभवामागचा दावा सिद्ध करत नाही आणि खोडतही नाही. फरक पडतो तो दुसऱ्याला तपासता येण्याने. आंबा शेजाऱ्यालाही दिसतो, खाता येतो. साक्षात्कारातून मिळालेल्या ज्ञानाचं तसं काही करता आलं, तर जरूर करावं.

असं करून बघणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला, आणि तो नास्तिक अजिबात नव्हता. दयानंद सरस्वतींनी आत्मकथनात लिहिलं आहे की, हठयोगाच्या ग्रंथांतली नाडीचक्रांची वर्णनं खरी की खोटी, हा संशय त्यांना छळत होता. नदीतून एक प्रेत वाहत येताना दिसलं. त्यांनी पाण्यात उतरून ते काठावर ओढलं, सुरीने कापलं, हृदय काढून पाहिलं, एकेक वर्णन ताडून पाहिलं. काहीच जुळेना. तेव्हा त्यांनी ते ग्रंथ फाडले आणि प्रेताबरोबर नदीत सोडून दिले. वेदांवरची आणि योगावरची त्यांची श्रद्धा मात्र शेवटपर्यंत टिकली.

आता अशा अवस्थांना लावला जाणारा ‘उच्च’ हा शब्द. भूल दिलेल्या माणसाच्या मेंदूचे संकेत एकसुरी असतात, जागेपणी त्यांत वैविध्य असतं. फाईल झिप करताना वापरतात त्याच जातीचं गणित लावून हे वैविध्य मोजता येतं : संकेत जितके कमी दाबले जातात, तितके ते वैविध्यपूर्ण. २०१७ साली शार्टनर, अनिल सेठ आणि सहकाऱ्यांनी एलएसडी, केटामाइन आणि सिलोसायबिन ही जाणीव पालटवणारी द्रव्यं घेतलेल्यांचे संकेत या मापाने मोजले, तर आकडा साध्या जागेपणाच्याही वर गेला. या मापावर ‘वरची’ अवस्था आहे, एवढंच. ती अधिक चांगली किंवा अधिक खरी आहे असं त्यावरून म्हणता येत नाही, हे संशोधकांनी स्वतःच बजावलं.

अनुभवाचं मोल मात्र त्यामुळे कमी होत नाही. जॉन्स हॉपकिन्समध्ये २००६ साली रोलंड ग्रिफिथ्स यांनी ३६ जणांना देखरेखीखाली सिलोसायबिन दिलं. दोन महिन्यांनी विचारलं तेव्हा ६७ टक्क्यांनी तो आयुष्यातला सर्वांत अर्थपूर्ण किंवा पहिल्या पाचांतला अनुभव असल्याचं सांगितलं. (भारतात हे द्रव्य बेकायदा आहे.) पण ‘मी’ आणि जग यांतली हीच हद्द पुसली जाणं सगळ्यांना मानवत नाही. जेअर्ड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी २०१७ मध्ये साठेक पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. ध्यानातून भीती, निद्रानाश, आपण खरे नाहीच असं सतत वाटणं, इथवर काही जण पोचले होते. काहींचा त्रास वर्षानुवर्षं चालला. इगतपुरीसारख्या ठिकाणी दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जात मानसिक आजारांबद्दल विचारतात, तिथे खरं उत्तर लिहावं. आणि शिबिरात झोप उडाली, भ्रम होऊ लागले तर त्याला प्रगती समजून पुढे रेटू नये, डॉक्टर गाठावा.

तपासण्याची तयारी श्रद्धावंतांकडेही असते, याचं अलीकडचं उदाहरण तिबेटी परंपरेतलं आहे. काही सिद्ध साधक मृत्यूनंतरही ‘तुकदम’ नावाच्या ध्यानावस्थेत राहतात, त्यांचा देह कित्येक दिवस कुजत नाही, अशी तिथे धारणा आहे. दलाई लामांच्या प्रोत्साहनाने अमेरिकन मेंदूसंशोधक रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटाने भारतातल्या तिबेटी वस्त्यांमध्ये अशा देहांचे ईईजी घेतले. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला : मेंदूत कोणतीही हालचाल आढळली नाही. मात्र सर्वांत लवकरची नोंदसुद्धा निधनानंतर एक दिवस उलटल्यावरची होती, त्यामुळे पहिल्या काही तासांबद्दल हे आलेख काहीच सांगत नाहीत.